पिशवीला कान

"भट्टी बंद, पंखा बंद, धुराडं बंद. मग ही राख येते कुठून, तेवढं मला कुणीतरी सांगा," वहिनी पुटपुटली आणि धुतलेला कप तिसऱ्यांदा नळाखाली धरला.

"कुणीतरी म्हणजे मी का?" ताई तिच्या खांद्यामागूनच म्हणाली.

वहिनीच्या हातातून कप सुटता सुटता राहिला. "तुम्ही कधी आलात?"

"मघाशीच. तू कपाला झापत होतीस म्हणून थांबले."

वहिनीनं नळ बंद केला आणि लगेच तिला वाटलं, उगाच बंद केला. नळ थांबला की घर ऐकू यायचं. एरवी गावचा कचरा जाळणाऱ्या भट्टीचा पंखा दिवसभर घुमायचा आणि त्याच्यावरून बोलायची सगळ्यांना सवय झालेली. तीन दिवसांपूर्वी आतल्या विटा बदलायला भट्टी थंड केली, पंखा थांबला, आणि भलतंच काय काय ऐकू यायला लागलं. नवऱ्याचा श्वास. सासूच्या गुडघ्यांची कटकट. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं, हे वहिनीला सव्वीस वर्षांच्या संसारात परवा पहिल्यांदा कळलं.

आणि ही भिंत. स्वयंपाकघराची मागची भिंत म्हणजेच भट्टीची पाठ. लग्न होऊन आल्यापासून ती तिला उबदारच माहीत होती. तिच्यावर तिनं ओले रुमाल वाळवले होते, शाळेतल्या पोरांच्या भिजलेल्या वह्या वाळवल्या होत्या, एकदा तर नवऱ्याशी भांडण झालं तेव्हा तिलाच पाठ टेकून बसली होती. नवऱ्यापेक्षा भिंत बरी, असं तेव्हा म्हणालीही होती.

"हात लावून बघा."

ताईनं तळवा टेकवला. "गार आहे."

"नुसती गार नाही, ओली आहे. सकाळपासून पुसतेय."

"नव्या विटा पाणी सोडतात."

"मग बाहेरच्या बाजूला सोडाव्यात. माझ्या ओट्यावर कशाला?"

भिंतीच्या आत काहीतरी टक् करून वाजलं. थांबलं. पुन्हा वाजलं, जरा खाली. दोघी एकमेकींकडे न बघता कप मोजू लागल्या. पाच कप, पाच माणसं, मोजण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"नव्या यंत्राच्या कागदावर सही होईल ना आज?" वहिनीनं हळूच विचारलं. "पाच वाजेपर्यंतची मुदत आहे. नाहीतर पालिका भट्टीला कुलूप लावणार. हे घर भट्टीबरोबरचं, म्हणजे हेही जाणार. घराचं एक वेळ सोडा. तीन दिवस गल्ल्यांतला कचरा शाळेच्या मागच्या मैदानात उघड्यावर पेटवतायत. आज पहिलीच्या वर्गाला रुमाल बांधून बसवलं. एक मुलगी म्हणते, बाई, फळा दिसत नाही, परीक्षा तोंडी घ्या ना."

"हुशार आहे."

"हुशार आहेच. खोकतेय."

ताई दवाखान्यात परिचारिका होती. खोकल्याचं तिला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. "मी सही करणारच आहे," ती म्हणाली. "दादाही करणार. धाकटी तर आजच करायला तयार आहे. अडलंय ते आईपाशी."

"तुमची आई आहे. तुम्ही बोला."

"तुझी सासू आहे. तुझं ऐकते."

"माझं ऐकते? तुमच्या घरात आजवर माणसाचं कुणी कधी ऐकलंय? ऐकायचं ते फक्त पिशव्यांचं."

हे खरं होतं. गावात या घराला कानवाल्यांचं घरच म्हणत. भट्टीच्या तोंडात कुठलीही पिशवी टाकण्याआधी ती उचलायची, कानाशी धरायची, मनात पाच अंक मोजायचे आणि मगच टाकायची. सासऱ्यांनी घातलेला दंडक. दिवसाला दोनशे पिशव्या असल्या तरी दोनशे वेळा. वहिनी नवी नवरी असताना तिनं कारण विचारलं होतं. मांजरं उबेला येऊन पिशव्यांत शिरतात, असं सासूनं सांगितलं होतं. सव्वीस वर्षांत एकही मांजर निघालं नव्हतं, पण त्यावरून वहिनीनं पुन्हा कधी विचारलं नाही.

"चहा घे," ताई म्हणाली. "आत सगळे वाट बघतायत."

*

पुढच्या खोलीत टेबलावर कागद होता आणि कागदावर दादाचा हात. दादा म्हणजे थोरला, त्रेपन्न वर्षांचा, भट्टीची आग आणि धूर सांभाळणारा. त्याच्यासमोर आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. धाकटी दारात टेकून उभी. तिला बसायला सांगितलं तरी ती उभीच राहायची. वीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभं राहून तिची पाठ खुर्ची विसरली होती.

खिडकीतून शेड दिसत होती. दवाखान्यांच्या पिवळ्या पिशव्या उघड्यावर जाळायला बंदी, म्हणून त्या तीन दिवस शेडमध्येच साठल्या होत्या. उकाड्यानं फुगल्या होत्या. मधूनच ढिगातली एखादी सरकायची, तिच्यावरची दुसरी तिच्या जागी बसायची, आणि सगळा ढीग कूस बदलल्यासारखा हलून पुन्हा निपचित व्हायचा. वारा नव्हता. ताईनं कप ठेवताना मुद्दाम खिडकीकडे पाठ केली. त्यातल्या निम्म्या पिशव्यांच्या गाठी तिनंच मारलेल्या होत्या.

"पुन्हा वाच," आई म्हणाली.

दादानं चष्मा नाकावर घेतला. "पिशवी पिंजऱ्यात ठेवल्यानंतर सरकत्या पट्ट्यावरून आपोआप भट्टीच्या तोंडात जाईल. पिंजऱ्यात गेलेल्या पिशवीला कोणीही हात लावणार नाही, ती उघडणार नाही, थांबवणार नाही."

"आणि कान?"

"कानाबद्दल काही नाही, आई. लिहिणाऱ्याला ते सुचणार तरी कसं?"

ताईला हसू आलं. बाकी कुणी हसलं नाही म्हणून तिनं ते चहात बुडवलं.

"आई, बघ," धाकटी बोलली. ती अलीकडे जरा जास्तच मोठ्यानं बोलायची. पंखा बंद असूनही. "तोंड सारखं उघडावं लागणार नाही. म्हणजे आच बाहेर येणार नाही, काळा धूर होणार नाही. भट्टीच्या दुसऱ्या कप्प्यातला तापमानाचा काटा नऊशेच्या खाली उतरणार नाही. धूर सगळा आतच जळेल. गावाला चांगलं, आपल्या छातीला चांगलं. बाबा असते तर त्यांनीही सही केली असती."

"बाबा असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, ऐकणार कोण."

"यंत्र नाही ऐकत, आई. म्हणजे मग कुणाचा दोषही नाही." हे धाकटी इतक्या सहज म्हणाली की ताईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

आईनं कप बशीत ठेवला. "करते मी सही. माझी एकच अट आहे."

दादाचा हात कागदावरून उठला.

"जुनी तऱ्हा बंद व्हायच्या आधी," आई म्हणाली, "दादानं एकदा, एकच पिशवी, कानाला लावावी. माझ्यासमोर. मग म्हणाल तिथं अंगठा देते, सही देते, काय हवं ते."

घड्याळ ऐकू आलं.

"हे काय आता?" वहिनी म्हणाली. "एवढंच ना? अहो, लावा की. रोज धाकटी दोनशे लावते."

"मी धुराचं बघतो," दादा म्हणाला. "तोंडाचं काम माझं नाही."

"एका पिशवीचं आहे."

"पोरखेळ आहे हा. मुदत पाचची आहे आणि हिला खेळ सुचतायत." त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते.

वहिनीला नवल वाटलं आणि नवल वाटल्यावर ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तरी तिनं विषय बदलला, तो बिचारीनं नवऱ्याची सुटका व्हावी म्हणूनच. "बरं, ते राहू द्या. तोपर्यंत दुसरा कागद भरून ठेवू. यंत्र चालवायचा परवाना धाकटीच्या नावानं ना? त्याला जन्माचा दाखला लागेल. कुठल्या ट्रंकेत आहे, मी काढते."

ताई बशीतला चहा बघत राहिली.

"धाकटीचं नाव नको," दादा शेवटी म्हणाला. "परवाना माझ्या नावानं घ्या. ती दमलीय."

"मी दमलेय?" धाकटी म्हणाली. "मला कुणी विचारलं?"

"दादा म्हणतो ते बरोबर आहे," ताई घाईनं बोलली. "कशाला तुला त्या भानगडीत…"

"तासाभरापूर्वी तू म्हणत होतीस, माझ्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही."

"दाखला मिळायला वेळ लागतो गं. पाचच्या आत कसा…"

"मिळायला?" वहिनी म्हणाली. "म्हणजे नाहीच आहे?"

ताईला एकाएकी आपण नऊ वर्षांच्या असल्यासारखं वाटलं. तीच खोली, तीच खिडकी. ती कपाळ काचेला टेकून उभी होती आणि बाहेर बाबा धावत होते. बाबांना धावताना तिनं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हातात राख ओढायचा लांब आकडा होता, आकड्याच्या टोकाला पिवळी पिशवी, आणि पिशवीच्या एका कोपऱ्यातून धूर येत होता. मग आई धावली. मग आईनं पदर सोडून त्यात काहीतरी गुंडाळलं आणि ते किंचाळलं. त्या दिवसापासून घरात एक बहीण होती. दवाखान्यात विचारलं, कुणी आपलं म्हटलं नाही. शेजारी विचारत, त्यांना आई सांगे, माहेरी बाळंत झाले. बाळाचा डावा कान कशानं भाजला म्हणून विचारत, त्यांना सांगे, चुलीकडे लोळत गेली.

आणि घरातल्या घरात सांगायची गोष्ट वेगळी होती. बाबा तेल आणायला गेले होते. बारा वर्षांचा दादा तोंडाशी होता, त्याला मांजर वाटलं. पोरगंच ते. मांजर वाटलं. पुढे दादा एकटाच कुठे शून्यात बघत बसला की आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत तेवढंच म्हणायची, तुला मांजर वाटलं रे. ताईनंही ते इतक्यांदा ऐकलं की काचेतून तिनं नीट काय पाहिलं होतं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दादा तोंडाशी उभा होता. पिशवी त्याच्या हातात होती. त्यानं ती उतरत्या पत्र्यावर ठेवायला वेळ लावला होता. बराच वेळ लावला होता. त्या वेळचं पुढे कुणी काही बोललं नाही.

"दाखला नाही," आई म्हणाली. "कारण मी…"

बाहेर गाडीचं दार आपटलं.

"यंत्रवाला आला," दादा उठला. इतक्या आनंदानं तो कुठल्याच पाहुण्याला सामोरा गेला नव्हता.

*

यंत्रवाला पालिकेनं पाठवलेला, बोलघेवडा, पोट सुटलेला माणूस होता. त्यानं पट्टा, पिंजरा आणि पट्ट्याच्या शेवटी बसवलेला लोखंडी ढकल्या कौतुकानं दाखवला. लाल बटण दाखवलं. "थंड चाचणी आहे, आजी. आत आग नाही. चार पिशव्या पाठवू, सगळं नीट सरकतंय का बघू, तुम्ही सह्या करा, मी जातो. घरी पाहुणे आहेत."

दादा शेडच्या बाहेरच थांबला. सिमेंटच्या फरशीवर तोंडापासून पाच पावलांवर एक पिवळी रेघ रंगवलेली होती, आच लागू नये म्हणून. दादाचे बूट त्या रेघेवर आले की थांबत. एक्केचाळीस वर्षं थांबत आले होते. त्याची बाजू पलीकडची, तेलाची टाकी, काटे, धुराडं. गावात कुणीही त्याला विचारावं, तो धुराच्या रंगावरून सांगायचा की पिशवीत रबर होतं की ओला पुठ्ठा. मान वर करून धूर बघत राहिलं की खालचं काही बघावं लागत नाही, हे तो फार लवकर शिकला होता. आज वर बघायला धूर नव्हता. धुराड्याच्या टोकाला नुसतं राखेच्या रंगाचं आभाळ होतं, दुपार असूनही सावली न पाडणारं.

धाकटीनं पहिली पिशवी उचलली. सवयीनं उजव्या कानाला लावली. पाच अंक मोजले.

तिला काहीच ऐकू आलं नाही. तिला दोन वर्षं काहीच ऐकू येत नव्हतं.

डावा कान तर कधी नव्हताच कामाचा. उजवा हळूहळू गेला. आधी पक्षी गेले, मग घड्याळ, मग ताईचं कुजबुजणं, आणि त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. माणसांचे ओठ वाचता येत होते. पंख्याच्या घुमण्यात सगळेच ओरडून बोलत, म्हणून कुणाला संशयही आला नाही. पण पिशवीला ओठ नसतात. ती पिशवी गालाशी दाबून धरायची आणि हाडाला काही थरथर लागते का ते बघायची. कधी कधी लागायची. मग ती पिशवी बाजूला ठेवायची, सगळे गेल्यावर उघडायची, आत बाटली सापडायची, भिजलेला कापूस सापडायचा, काही नाही सापडायचं. गेले काही महिने मात्र थरथर प्रत्येकच पिशवीत लागायला लागली होती. ती आपल्याच हातांची आहे हे कळायला तिला वेळ लागला. स्वप्नात तिला तोंड बंद झाल्यावर आतून कुणीतरी पत्रा खरवडताना दिसायचं. दिसायचं फक्त.

म्हणून तिला यंत्र हवं होतं. यंत्राला कान नसल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही.

"काही नाही," ती नेहमीसारखी म्हणाली आणि पिशवी पिंजऱ्यात ठेवली. पट्टा सरकला. पिशवी गेली. दुसरी गेली.

तिसरी तिनं कानाला लावली, पाच मोजले. "काही नाही." पिंजऱ्यात ठेवली.

पिशवी पट्ट्यावरून निम्म्यावर गेली असेल. धाकटीनं मागे वळून पाहिलं आणि तिला चार चेहरे दिसले. वहिनीनं तोंडावर हात ठेवला होता. ताईचा रंग उतरला होता. यंत्रवाल्याचं हसू चेहऱ्यावर तसंच विसरून राहिलं होतं. आई उभी होती, काठीशिवाय.

काहीतरी आवाज येत होता. येत होता, आणि तिला सोडून सगळ्यांना येत होता.

आवाज बारीक होता. ढकल्यानं पिशवी रेटली तसा तो चढला, लांबला, मध्येच श्वास घेतल्यासारखा तुटला आणि पुन्हा सुरू झाला. यंत्रवाला बटणाकडे वळला खरा, पण कुठल्या, ते त्याला आठवेना.

दादा पिवळी रेघ ओलांडून आत आला.

धावताना तो थेट बाबांसारखा दिसला. ताईला ते दिसलं आणि आईलाही दिसलं. त्यानं पिंजऱ्याची जाळी उचकटली, खांद्यापर्यंत हात घातला, पिशवी ढकल्याखालून खेचली आणि तिच्यासकट राखेत मागे पडला. भट्टी थंड होती. पिशवी आत पडली असती तरी काही झालं नसतं. तो मात्र हात भाजल्यासारखे झटकत होता. मग त्यानं पिशवी दोन्ही हातांनी उचलून कानाला लावली. डोळे मिटून. पाच मोजून झाले, दहा झाले, तरी त्यानं ती सोडली नाही.

"दादा, उघड," ताई म्हणाली.

तो उघडेना. शेवटी ताईनंच गाठ सोडली. तिचीच गाठ होती.

आत पट्ट्या, सुया टोचून झालेले बोळे आणि त्यात एक पांढरा रबरी हातमोजा होता, फुगवून मनगटाशी बांधलेला. पाचही बोटं ताठ. तळव्यावर शाईनं दोन डोळे आणि एक हसरं तोंड. करंगळीला बारीक भोक होतं, तिथून हवा सुटत होती आणि मोजा रडत होता. सगळ्यांच्या देखत एकेक बोट वाकलं. चेहरा सुरकुतला. मग आवाज बंद झाला.

"हा मी फुगवलेला आहे," ताई म्हणाली. "सोमवारी. एक पोर टोचून घेईना म्हणून." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही.

यंत्रवाल्यानं घसा साफ केला. "हे… असं होतं कधी कधी. गाडीत कागद राहिलेत, मी आणतो." तो गेला तो गाडीतच बसून राहिला.

वहिनी नवऱ्याजवळ राखेत टेकली. "अहो. हातमोजा होता. झालं. उठा."

दादा उठला नाही. त्यानं तो मोजा हातात घेतला होता आणि त्याची वाकलेली बोटं तो एकेक करून सरळ करत होता.

धाकटी पुढे आली. "मला नाही आला आवाज," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती हळू बोलली, इतकं की वहिनीला पुन्हा विचारावं लागलं. "आवाज नाही आला मला. दोन वर्षं येत नाहीये. लाख-दीड लाख पिशव्या टाकल्या असतील मी, असं काही नाही, काही नाही म्हणत. आत काय होतं मला माहीत नाही." तिनं हात एप्रनला पुसले. "हे सांगायचं होतं. आणि वहिनी, दाखल्याचं म्हणशील, तर तो नाहीच. मी पिशवीतून आलेय. पंधरा वर्षांची होते तेव्हाच कळलं, ताई झोपेत बडबडते. दादाला मांजर वाटलं, बाबांनी आकड्यानं ओढलं, कान गेला तो गेला. एवढं तोंडं पाडण्यासारखं काय आहे त्यात? जगले की."

वहिनीनं सासूकडे पाहिलं. सासूनं मान हलवली. सव्वीस वर्षांत न निघालेलं मांजर वहिनीच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि तिनं नवऱ्याचा दंड धरला.

"दादाकडून एक पिशवी ऐकवायची होती ती याचसाठी का, आई?" ताईनं विचारलं.

"मी आता किती दिवस," आई म्हणाली. "मीच ती गोष्ट रचली. बारा वर्षांचं पोर, रात्र रात्र झोपायचं नाही. मी रचली आणि त्याच्या तोंडात घातली. ती काढायची कुणी?" ती दादाकडे वळली. "एकटी मी जाणार, मग तुझ्यापाशी ती तशीच राहणार."

दादा काहीतरी बोलला. मान खाली, मोज्याकडे बघत. ताईनं ऐकलं आणि ओठ घट्ट मिटले. वहिनीनं ऐकलं आणि त्याच्या दंडावरचा तिचा हात थांबला. काढला नाही, पण थांबला.

धाकटीला फक्त त्याच्या डोक्यातला राखेनं पांढरा झालेला भांग दिसला.

ती त्याच्यासमोर खाली बसली. एक्केचाळीस वर्षांत कदाचित पहिल्यांदाच दोघं भट्टीच्या तोंडाशी शेजारी शेजारी होती. उघड्या तोंडातून नव्या विटांचा ओला, गार श्वास त्यांच्या अंगावर येत होता. आत खोल कुठेतरी टक् वाजलं. ते सुद्धा तिला सोडून सगळ्यांनी ऐकलं.

"माझ्याकडे बघून बोल," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही, दादा. तोंड दिसलं तरच कळतं."

त्यानं मान वर केली. बराच वेळ त्याचे ओठ नुसतेच हलले आणि ती वाट बघत राहिली, पिशवीपाशी थांबायची तशी, मनात अंक मोजत. पाच झाले. मग तो बोलला, सावकाश, शाळेत धडा वाचून दाखवावा तसा एकेक शब्द वेगळा करून, तिला नीट दिसावा म्हणून.

"शाळेची घंटा झाली होती, मला उशीर होत होता. तू रडत होतीस. मी कान लावून ऐकलं." त्यानं श्वास घेतला. "मला मांजर वाटलं नव्हतं."